पेनीचा खेळ आणि शिलिंगची सभ्यता

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये माणसे दाखवून पैसे मिळवण्याचा धंदा जोरात चालत असे. ठेंगणी माणसे, अंगभर केस असलेली माणसे, व्यंग असलेली माणसे, दूरच्या मुलखातून आणलेली माणसे पडद्यामागे उभी करायची, बाहेर भडक रंगांचा फलक लावायचा आणि दारात पेनी घेऊन लोकांना आत सोडायचे. या खेळांबद्दल आज कुणी लिहायला बसले की निकाल आधीच लागलेला असतो. खेळवाला लोभी, बघे अडाणी आणि निर्दयी, आणि त्या बिचाऱ्यांना सोडवले ते डॉक्टरांनी, संग्रहालयांनी, शिकल्यासवरल्या लोकांनी. मला हा निकाल मान्य नाही. तो त्या काळातल्याच वरच्या वर्गाने स्वतःच्या बाजूने लिहून ठेवला आणि आपण तो तसाच उचलला. सभ्य प्रदर्शन कोणते आणि असभ्य कोणते, याची रेघ त्यांनी ओढली ती पाहणारा कोण आहे हे बघून. ज्याला दाखवले जाते त्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न ती रेघ ओढताना कुणी विचारला नव्हता. तो विचारला, तर पेनीवाल्या खेळाइतकेच काचेच्या कपाटालाही उत्तर द्यावे लागते.

दोन्ही प्रकार मुळात एकाच छताखाली नांदत होते. पिकॅडिली रस्त्यावरचा इजिप्शियन हॉल 1812 साली विल्यम बुलक या संग्राहकाने बांधला, तेव्हा आत त्याचा पेंढा भरलेल्या प्राण्यांचा आणि दूरदेशीच्या वस्तूंचा संग्रह होता. पुढे त्याच वास्तूत नेपोलियनची घोडागाडी मांडली गेली, चित्रप्रदर्शने भरली, जादूचे प्रयोग झाले आणि माणसेही दाखवली गेली. 1846 च्या ईस्टरला तिथे शेजारी शेजारी दोन खेळ लागले होते. एका दालनात बेंजामिन रॉबर्ट हेडन या चित्रकाराची भव्य ऐतिहासिक चित्रे होती. दुसऱ्या दालनात बार्नम या अमेरिकन खेळवाल्याचा ‘जनरल टॉम थंब’, म्हणजे चार्ल्स स्ट्रॅटन हा ठेंगणा मुलगा होता. हेडनने आपल्या रोजनिशीत हिशेब लिहून ठेवला आहे : एका आठवड्यात टॉम थंबकडे बारा हजार माणसे, आपल्याकडे एकशे साडेतेहतीस. शेवटचे अर्धे माणूस म्हणजे एक लहान मुलगी. कर्जात बुडालेल्या हेडनने त्याच वर्षी 22 जूनला आत्महत्या केली.

ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते ती लोकांच्या हलक्या अभिरुचीचा पुरावा म्हणून. गर्दी कलेला सोडून बुटक्याकडे धावली आणि एका कलावंताचा जीव गेला, असा तिचा सूर असतो. हेडनचे दुःख खोटे नव्हते. पण टॉम थंबचा लंडनभर बोलबाला झाला तो झोपडपट्टीतून नव्हे. दोन वर्षे आधी, 1844 मध्ये, खुद्द राणीने त्याला बकिंगहॅम राजवाड्यात तीन वेळा बोलावून घेतले होते. उमराव घराण्यांच्या गाड्या आधी आल्या आणि पेनी-शिलिंगवाली गर्दी त्यांच्यामागून आली. त्याहून मला खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. राजवाड्यात गेला तेव्हा स्ट्रॅटन सहा वर्षांचा होता, आणि त्याचे खुजेपण अधिक नवलाचे वाटावे म्हणून बार्नम त्याचे वय वाढवून सांगे. कला श्रेष्ठ की करमणूक या वादात तेव्हाही त्या मुलाचा कुणी विचार केला नाही आणि आजही हेडनची गोष्ट सांगणारे तो करत नाहीत. पुढे स्ट्रॅटन श्रीमंत झाला, मोठेपणी बार्नमशी बरोबरीच्या नात्याने व्यवहार करू लागला, हे खरे आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला यातले काय कळत असणार?

गर्दीबद्दलची भीती तर 1851 च्या महाप्रदर्शनाने पुरती खोटी पाडली. हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काच यांचा स्फटिकमहाल उभा केला आणि 1 मेपासून 15 ऑक्टोबरपर्यंत साठ लाखांवर भेटी झाल्या. तीनच वर्षांपूर्वी, 1848 मध्ये, मतदानाचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांच्या मोर्च्याला तोंड द्यायला लंडनमध्ये मोठा बंदोबस्त ठेवावा लागला होता. त्यामुळे तिकिटांची उतरंड विचारपूर्वक लावली गेली. पहिले दोन दिवस एक पौंड, मग पाच शिलिंग, आणि 26 मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग. शुक्रवारी अडीच आणि शनिवारी पाच शिलिंग, म्हणजे भल्या माणसांना कामकऱ्यांच्या शेजारून चालावे लागू नये. दारूविक्रीला आत बंदी होती. शिलिंगवाले आले की मोडतोड होईल, दंगे होतील, असे पुष्कळांना वाटत होते. तसे काहीच झाले नाही. कापड गिरण्यांतले मजूर, खेड्यातली कुटुंबे थॉमस कुकच्या रेल्वेसहलींनी आली, डबे सोडून जेवली, यंत्रांपुढे तासन्‌तास उभी राहिली आणि शांतपणे परत गेली. ऑक्टोबरमधल्या एका दिवशी एक लाखाहून जास्त माणसे आत होती. पाहणारा गरीब असला की पाहणे हिडीस होते, हा समज त्या साडेपाच महिन्यांनंतर टिकायला नको होता.

तो टिकला, आणि कायद्याच्या हाती गेला. 1851 मध्येच जोसेफ कान या जर्मन गृहस्थाने लंडनमध्ये शरीररचनेचे संग्रहालय काढले. मेणाचे पुतळे, उघडून दाखवता येणारे अवयव, गर्भाच्या वाढीच्या पायऱ्या, गुप्तरोगांची लक्षणे असा तो संग्रह होता आणि सुरुवातीला वैद्यकीय नियतकालिकांनीही त्याची वाखाणणी केली होती. 1873 साली अश्लीलताविरोधी कायद्याखाली खटला होऊन हे संग्रहालय बंद पडले आणि पुतळे फोडण्यात आले. कानच्या संग्रहालयाआडून गुप्तरोगांवरच्या भोंदू औषधांची विक्री चाले, आणि ती थांबवणे योग्यच होते. पण खटला भोंदू औषधांवर झाला नाही, पुतळ्यांवर झाला. त्याच धर्तीचे पुतळे लंडनच्या वैद्यकीय शाळांत विद्यार्थ्यांपुढे होते आणि त्यांना कुणी हात लावला नाही. तेच मेण, तेच अवयव. डॉक्टरने पाहिले तर ज्ञान आणि दुकानातल्या कारकुनाने पाहिले तर अश्लील, असा तो न्याय होता.

आता जोसेफ मेरिककडे येऊ, कारण या विषयावरचे सगळे मत त्याच्या कहाणीवर उभे आहे. लेस्टर शहरात 1862 साली तो जन्मला. लहानपणापासून डोके, उजवा हात, पाय आणि कातडी विलक्षण वाढत गेली. तो दहा वर्षांचा असताना आई वारली. सिगार वळायच्या कारखान्यात काम मिळाले, पण हात इतका वाढला की बोटे चालेनात. बापाच्या दुकानातला किरकोळ माल घेऊन तो दारोदार विकू लागला, तर दार उघडणारे त्याला पाहून दार लावून घेत. सतरा वर्षांचा असताना, डिसेंबर 1879 मध्ये, तो लेस्टरच्या वर्कहाउसमध्ये दाखल झाला. निराधारांना कामाच्या मोबदल्यात अन्न देणारी ही सरकारी जागा इतकी कठोर ठेवलेली असे की माणसाने तिथे यायचे टाळावे. मध्ये थोडे दिवस बाहेर पडून काम शोधले ते वगळता 1884 पर्यंत तो तिथेच होता. तिथून सुटायची वाट त्याने स्वतः काढली. लेस्टरमधल्या सॅम टॉर नावाच्या नाटकगृहवाल्याशी त्याने आपणहून संपर्क साधला आणि आपल्याला दाखवून पैसे मिळतील असे सुचवले. अशा रीतीने तो लंडनमध्ये टॉम नॉर्मन या खेळवाल्याकडे पोचला. व्हाइटचॅपल रस्त्यावरच्या एका रिकाम्या दुकानात, लंडन हॉस्पिटलच्या अगदी समोर, खेळ लागला.

आपल्याला ठाऊक असलेली कथा फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शल्यविशारदाने 1923 मध्ये, जवळजवळ चाळीस वर्षांनी, लिहिलेल्या आठवणींवरून आली आहे. तीत खेळवाला क्रूर आहे, मेरिक त्याच्या ताब्यातला मुका जीव आहे आणि डॉक्टर तारणहार आहे. त्या आठवणींत मेरिकचे नावसुद्धा चुकले आहे, जोसेफचा जॉन झाला आहे. नॉर्मन तेव्हा हयात होता. त्याने लगेच छापील उत्तर दिले : मेरिक स्वतःच्या इच्छेने आला होता, मिळकतीत त्याचा वाटा होता आणि वर्कहाउसमध्ये परत जायचे नाही हा त्याचा निर्धार होता. नॉर्मन स्वतःची बाजू मांडत होता हे लक्षात घेऊनही एक गोष्ट उरते. मेरिकजवळ पुढे सुमारे पन्नास पौंड साठले होते, आणि बेल्जियममध्ये दुसऱ्याच एका व्यवस्थापकाने ते लुबाडून त्याला वाऱ्यावर सोडले. पैसे साठले होते म्हणूनच लुबाडता आले. लेस्टरच्या वर्कहाउसने साडेचार वर्षांत त्याच्या हातात काय ठेवले होते?

आणि डॉक्टर? 2 डिसेंबर 1884 रोजी ट्रीव्ह्जने मेरिकला लंडनच्या पॅथॉलॉजिकल सोसायटीपुढे उभे केले. मोजमापे झाली, छायाचित्रे निघाली, अंगावरचे कपडे उतरवून डॉक्टरांनी त्याला सगळ्या बाजूंनी पाहिले. नॉर्मनच्या आठवणींनुसार तिथून परतल्यावर मेरिकने पुन्हा जायला नकार दिला, कारण तिथे आपण बाजारातल्या जनावरासारखे झालो असे त्याला वाटले. दुकानातला खेळ पोलिसांनी बंद पाडला. सभागृहातला खेळ बंद पाडायला कुणी आले नाही, आणि मेरिकला मोबदला मिळत होता तो दुकानात, सभागृहात नव्हे.

यावर येणारी हरकत वजनदार आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. जून 1886 मध्ये मेरिक बेल्जियमहून हाल काढत लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर उतरला तेव्हा बुरख्याआडच्या त्या माणसाभोवती गर्दी जमली, पोलिसांना त्याच्याजवळ ट्रीव्ह्जचे कार्ड सापडले आणि ट्रीव्ह्ज धावून गेला. हॉस्पिटलचे अध्यक्ष कार गोम यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले, लोकांनी देणग्या पाठवल्या आणि मेरिकला मरेपर्यंत हक्काच्या खोल्या मिळाल्या. ट्रीव्ह्ज नेमाने त्याच्याशी गप्पा मारायला येई. त्याच्या खोलीत आरसा नसावा अशी ताकीद होती. नाटक पाहायला, खेड्यात सुटी घालवायला त्याला नेण्यात आले. ही खरी माया होती. मेरिकने एका धड डाव्या हाताने पुठ्ठ्याचे तुकडे जुळवून चर्चची जी सुबक प्रतिकृती केली, ती आजही त्या हॉस्पिटलकडे आहे. बारीक कमानी, खिडक्यांच्या चौकटी, सगळे काही जागच्या जागी. एवढा निवांतपणा त्याला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता. हे सगळे मान्य करूनच मी म्हणतो की हॉस्पिटलमध्येही त्याचे दाखवणे थांबले नाही. 1887 मध्ये युवराज्ञी अलेक्झांड्रा येऊन गेली आणि मग मोठ्या घरच्या स्त्रीपुरुषांची रीघ लागली. ते तिकीट काढत नव्हते, त्यांच्या वागण्यात सौजन्य होते, पण ते पाहायलाच येत होते. 11 एप्रिल 1890 रोजी सत्तावीस वर्षांचा मेरिक गेला. त्याच्या देहाचे विच्छेदन झाले, अवयवांचे साचे घेतले गेले आणि सांगाडा उभा करून ठेवला गेला. तो माणूस श्रद्धाळू ख्रिस्ती होता. नॉर्मनच्या दुकानातून तो स्वतःच्या पायांनी बाहेर पडला. वैद्यकीय महाविद्यालयातून त्याचा सांगाडा सव्वाशेहून अधिक वर्षांत बाहेर पडलेला नाही.

दुसरी हरकत अशी की उपाशी माणसाची संमती ही संमतीच नव्हे. वर्कहाउस आणि खेळ एवढे दोनच रस्ते असतील तर मेरिकने खेळ निवडला याला अर्थ काय? हा युक्तिवाद मला पटतो, पण तो अर्ध्यावर सोडू नये. उपाशी माणसाची संमती खोटी ठरते, तर डॉक्टरपुढे कपडे उतरवतानाची संमतीही खोटीच, कारण तिच्या पोटातही तीच गरज आहे. शिवाय खेळवाले सज्जन होते असे माझे म्हणणे नाही. मेक्सिकोची ज्युलिया पास्त्राना चेहऱ्यावर आणि अंगावर दाट केस घेऊन जन्मली. ती सुरेख गात असे, नाचत असे. 1857 मध्ये लंडनने तिला पाहिले. थिओडोर लेंट या तिच्या खेळवाल्याने तिच्याशी लग्न केले, आणि 1860 मध्ये मॉस्कोत बाळंतपणानंतर ती आणि तिचे बाळ दोघे गेल्यावर त्याने दोन्ही देह टिकवून ठेवून त्यांचे खेळ सुरू केले. याहून नीच कृत्य शोधून सापडणार नाही. पण ते देह टिकवण्याचे काम मॉस्को विद्यापीठाच्या प्राध्यापकाने केले होते, आणि फिरत फिरत शेवटी ज्युलियाचा देह ओस्लोच्या विद्यापीठाकडे आला. तिच्या गावच्या मातीत तो पोचला 2013 साली. थोडे मागे गेले तर दक्षिण आफ्रिकेची सारा बार्टमन दिसते. 1810 मध्ये लंडनला तिचा खेळ लागला तेव्हा गुलामगिरीविरोधी मंडळींनी खेळवाल्यांवर दावा लावला. ती स्वेच्छेने आली आहे आणि तिला वाटा मिळतो, असे उत्तर कोर्टात आले आणि दावा बारगळला. पुढे पॅरिसमध्ये 1815 च्या अखेरीस ती गेली, तेव्हा जॉर्ज कुव्हिए या नामांकित शास्त्रज्ञाने तिचे विच्छेदन केले आणि तिचा सांगाडा, मेंदू व गुप्तांगे फ्रान्सच्या संग्रहालयात गेली. ती विसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत लोकांना दाखवली जात होती. 2002 मध्ये तिचे दफन झाले. खेळवाल्यांनी तिला पाच वर्षे दाखवले आणि विज्ञानाने दीडशेहून अधिक.

आपला देशही या प्रदर्शनांत उभा केला गेला होता. 1886 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला वसाहतींचे आणि हिंदुस्थानचे प्रदर्शन भरले. पंचावन्न लाख लोकांनी ते पाहिले. तिथे एका चौकात हिंदी कारागीर आपापले काम करत बसलेले असत : गालिचे विणणारे, कुंभार, जरीचे काम करणारे. यंत्रांच्या घरघरीला विटलेल्या इंग्रजांना हातकामाचा शांत, जुना हिंदुस्थान पाहायला मिळावा असा बेत होता. त्या कारागिरांपैकी बरेच जण आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातून आणलेले होते. तुरुंगाचे अधीक्षक डॉ. टायलर त्यांना घेऊन आले होते. ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना आठवेल की राणीचा मुन्शी अब्दुल करीम हाही याच तुरुंगातला कारकून. तुरुंगात सक्तीने शिकवलेले विणकाम हिंदुस्थानच्या खेड्यांची सनातन कारागिरी म्हणून मांडले गेले आणि राणीपासून मजुरापर्यंत साऱ्यांनी ते कौतुकाने पाहिले. बक्षीराम नावाच्या कुंभाराचे वय 102 सांगितले जात होते. राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्याचे आणि इतरांचे चेहरे रंगवून घेतले. बक्षीरामचे ते चित्र मोठे सुंदर आहे. पांढरी दाढी, खोल गेलेले डोळे, कपाळावरच्या आठ्या, एकेक रेषा चित्रकाराने आदराने टिपली आहे. ते पाहताना हा म्हातारा तिथे कसा आला हे विसरून जायला होते, आणि नेमके तेच घडायला नको.

त्याच प्रदर्शनात सरकारी अधिकारी म्हणून त्रैलोक्यनाथ मुखर्जी हे बंगाली गृहस्थ गेले होते. प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्यांपैकी ते एक, म्हणजे दाखवणाऱ्यांच्या बाजूचे. पण दालनात उभे राहिले की लोक वस्तू सोडून त्यांच्याकडेच टक लावून पाहत. 1889 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी हा अनुभव मोकळेपणाने लिहिला आहे. प्रदर्शनाच्या आदल्याच हिवाळ्यात लिबर्टी या व्यापारी पेढीने लंडनच्या बॅटरसी भागात ‘हिंदी खेडे’ वसवले होते. चाळीसहून अधिक कारागीर, गारुडी, डोंबारी आणले, थंडीने त्यांचे हाल झाले आणि करारावरून तंटा पेटला. खाजगी व्यापाऱ्याचे हे खेडे फसले म्हणून बदनाम झाले. सरकारी प्रदर्शन भरभरून यशस्वी झाले म्हणून इतिहासात मानाने नोंदले गेले. एकात करार मोडला म्हणून भांडता तरी आले. कैद्यांना भांडायला करार कुठे होता?

मुंबईत राणीच्या बागेशेजारी जे भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, ते याच लाटेतून आले. 1851 च्या लंडनच्या आणि 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनांसाठी जमवाजमव करताना मुंबईलाही असा संग्रह हवा ही कल्पना मूळ धरू लागली, आणि 1872 मध्ये आजची देखणी इमारत लोकांसाठी उघडली. डॉ. भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मातब्बर मुंबईकरांनी त्यासाठी पैसा उभा केला, श्रम घेतले. त्यांच्या ज्ञानप्रेमाबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही तिथल्या मातीच्या छोट्या मूर्तींपुढे उभे राहून पाहावे. जातीजातींचे, धंद्याधंद्यांचे नमुने आहेत, पागोटी आणि लुगड्यांच्या तऱ्हा बारकाईने घडवल्या आहेत, पण कोणत्याही मूर्तीला माणसाचे नाव नाही. पाहणारा गोरा आणि दिसणारा काळा एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही हे त्या मूर्तींवरून कळते. मुंबईतला शिकलेला, सधन वर्गही आपल्याच शहरातल्या कष्टकऱ्यांना नमुने म्हणून पाहायला शिकला. मूर्तीला वेदना नसते, म्हणून तिथे अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. नजर मात्र तीच आहे.

उरलेली हरकत नेहमीची : आजच्या मापाने दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांना मोजू नका. मी मोजतो आहे ते त्यांच्याच काळच्या मापाने. सारा बार्टमनसाठी दावा लावणारे 1810 चे होते. डॉक्टरांपुढे पुन्हा उभे राहायला नकार देणारा मेरिक 1884 चा होता. लंडनकरांच्या नजरा झेलून त्याबद्दल लिहिणारे मुखर्जी 1889 चे होते. सगळ्यांत जुनी आणि स्पष्ट साक्ष तर चार्ल्स बर्नची आहे. साडेसात फुटांहून उंच असलेला हा आयरिश तरुण लंडनमध्ये स्वतःला दाखवून पोट भरत असे. जॉन हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाची आपल्या देहावर नजर आहे हे त्याला कळले होते, म्हणून मेल्यावर आपल्याला समुद्रात बुडवा असे त्याने मित्रांना सांगून ठेवले. 1783 मध्ये तो वारला. हंटरने लाच देऊन देह मिळवला आणि सांगाडा आपल्या संग्रहात उभा केला. ज्यांना दाखवले गेले त्यांना ते आवडत नव्हते आणि त्यांनी तसे सांगितलेही होते. त्यांचे म्हणणे नोंदले गेले, फक्त मानले गेले नाही.

हे सगळे जुने झाले असे म्हणण्याची सोय नाही. ऑक्सफर्डचे पिट रिव्हर्स संग्रहालय 1884 मध्ये, मेरिक व्हाइटचॅपलच्या दुकानात उभा होता त्याच वर्षी, स्थापन झाले. नागा टेकड्यांतून नेलेले मानवी अवशेष तिथे आहेत. 2020 मध्ये संग्रहालयाने मानवी अवशेष दालनांतून काढून घेतले आणि परतीच्या बोलण्यांना वाट दिली. 2025 च्या जूनमध्ये नागा प्रतिनिधी ऑक्सफर्डला जाऊन आपल्या पूर्वजांच्या अवशेषांपुढे उभे राहिले. मधल्या काळात, ऑक्टोबर 2024 मध्ये, ऑक्सफर्डशायरमधल्या एका लिलावगृहाने शिंगे बसवलेली एक नागा कवटी विक्रीला काढली. नागालँडमधून ओरड झाल्यावर ती मागे घेतली. लिलावगृहाला सगळ्यांनी दोष दिला आणि तो रास्त होता. पण लिलावात एक कवटी आली म्हणून जेवढा संताप झाला, तेवढा विद्यापीठाच्या संग्रहातल्या अवशेषांवर इतकी वर्षे का झाला नाही? विक्रेता दिसला की आपण चिडतो आणि अभ्यासक दिसला की गप्प बसतो. नागा ज्येष्ठांनी हा भेद केलेला नाही. परत मागताना ते दोघांकडेही सारखेच मागत आहेत, आणि भारत सरकारने त्यांच्यामागे उभे राहून ही बोलणी लवकर तडीस न्यायला हवीत.

चार्ल्स बर्नच्या बाबतीत तर अभ्यासाची सबबही फारशी उरलेली नाही. त्याच्या दातांतून काढलेल्या डीएनएवरून त्याची उंची कोणत्या जनुकामुळे वाढली हे शोधून झाले आहे. ते संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झाले आणि उत्तर आयर्लंडमधल्या त्याच जनुकाच्या घराण्यांना त्याचा उपयोगही होतो आहे. हे काम मोलाचे होते. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने 2023 मध्ये सांगाडा दालनातून हलवला, पण पुढील संशोधनासाठी तो जवळ ठेवायचे ठरवले. लागतील तेवढी मोजमापे, चित्रे आणि नमुने आज घेऊन ठेवता येतात. त्यानंतर त्या हाडांनी संग्रहात राहण्याचे कारण मला दिसत नाही. त्याने समुद्र मागितला होता, आणि त्याची ती इच्छा पुरी करणे आजही त्या संग्रहालयाच्या हातात आहे.